किल्ल्यांची यादी व तिचा क्रम

इ. स. १७१३-१४ मध्यें बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यांत जो तह झाला त्याची हकीकत मराठ्यांच्या इतिहासाशीं थोडाबहुत परिचय असलेल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजीवर चालून गेले आणि स्वतःच त्याच्या कैदेंत सांपडले. लोहगड, राजमाची हे घाटमाथ्यावरचे किल्ले आंग्र्यानें घेतले. साताऱ्यास धोका उत्पन्न झाला. तेव्हां पेशवाईचीं वस्त्रें बाळाजीपंतांस मिळून त्यांची रवानगी कान्होजीकडे झाली. बाळाजीपंत मूळचे ह्याच किनाऱ्यावरील श्रीवर्धनचे. तरवारीपेक्षां बोलण्यानें काम होईल हें त्यांनीं ओळखलें, व तसें तें झालें. कान्होजीनें शाहूचा पक्ष स्वीकारला, पिंगळ्यांस सोडलें, राजमाचीखेरीज नवे घेतलेले किल्ले परत केले; आणि त्याबद्दल त्यास सरखेली मिळून दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं यांचा ताबा कायम झाला. हें सर्व ग्रंथांतरीं आहे. आम्हांस आज तहाविषयीं बोलावयाचें नाहीं. त्यांतील यादीविषयीं, आणि तेंहि यादींतील नांवांविषयीं नव्हे तर त्या नांवांच्या क्रमाविषयीं बोलावयाचें आहे.

ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत ते दहा किल्ले पुढील क्रमानें येतात : खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, कनकदुर्ग, फत्तेगड, अवचितगड आणि यशवंतगड. वाचकांनीं कोंकणचा नकाशा पुढें घ्यावा व ह्या नांवांवरून बोट फिरवावें. खांदेरी मुंबईच्या दक्षिणेस थळच्या समोर. तेथून खालीं अलिबागचा कुलाबा. त्याखालीं हर्णैचा सुवर्णदुर्ग. त्याखालीं वाघोटणच्या खाडीवरील विजयदुर्ग. येथपर्यंत बोट सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतें. पुढचें नांव जयगड, आणि येथें बोटास मागें उत्तरेकडे यावें लागतें. जयगडाहून पुन्हां खालीं देवगड. त्यानंतर बोट थेट हर्णैस परत येतें, कारण कनकदुर्ग व फत्तेगड हे दोन्ही सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यावर आहेत. अवचितगड तर समुद्रावर नाहींच. तो रोह्याजवळ डोंगरांत आहे.

हा क्रम विस्कळित आहे असें म्हणून पुढें जाणारा मनुष्य घाई करतो, असें आम्हांस वाटतें. मूळ कागदावरील क्रम हाच होता असें गृहीत धरलें, तर ह्या यादींत एक नसून दोन नियम एकावर एक बसविलेले दिसतात. पहिला नियम योग्यतेचा. ज्या चार ठिकाणांवर आंग्र्याचें आरमार उभें होतें तीं चार आधीं. मग खाडीच्या तोंडावरचे किल्ले. मग मोठ्या किल्ल्याच्या आश्रयास असलेले उपदुर्ग. आणि शेवटीं उरलेले. प्रत्येक गटाच्या आंत मात्र दुसरा नियम चालतो, तो किनाऱ्याचा : उत्तरेकडून दक्षिणेकडे. हें आमचें अनुमान आहे, त्यास कोणी लेखी आधार मागेल तर तो आम्ही देऊं शकणार नाहीं. परंतु कारकुनाच्या हातून असा दुहेरी क्रम योगायोगानें उतरेल हें संभवत नाहीं. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करणारा गृहस्थ तरी काय करतो? आधीं मानाचीं घरें, मग भाऊबंद, मग शेजार. आणि प्रत्येक वर्गांत आळीच्या क्रमानें. त्यास कोणी रीति शिकविलेली नसते.

आतां सोळा ठाण्यांच्या यादीकडे वळूं. आणि खरी मौज येथेंच आहे. भैरवगड, कोथळा, विकटगड, माणिकगड अशीं नांवें घेत घेत ती यादी खारेपाटण, राजापूर येथपर्यंत जाते आणि शेवटीं दोन नांवांवर थांबते : श्रीवर्धन व मनरंजन. श्रीवर्धन हें नांव वाचतांच कोणाहि मनुष्यास समुद्रकांठचें तें बंदर आठवेल. रायगड जिल्ह्यांत रहाणाऱ्यास तर दुसरें कांहीं सुचणारच नाहीं. आणि ज्या बाळाजीपंतांनीं तह केला त्यांचेंच तें गांव, तेव्हां पेशव्यांनीं आपलें जन्मग्राम आंग्र्यास देऊन टाकलें असा मोठा रसभरित अर्थ त्यांतून काढण्याचा मोहहि होईल. पण हा अर्थ टिकत नाहीं. श्रीवर्धन बंदर त्या वेळीं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतें. जें आपल्या हातीं नाहीं तें पेशवा दुसऱ्यास कसें देणार? उत्तर यादींतच आहे, आणि तें शेजारच्या नांवांत आहे. राजमाचीच्या किल्ल्यास दोन बालेकिल्ले आहेत. एकाचें नांव श्रीवर्धन, दुसऱ्याचें मनरंजन. कान्होजीनें परत न केलेली जी राजमाची, तिच्याच ह्या दोन माथ्यांची नोंद सोळांच्या शेवटीं जोडीनें झालेली आहे.

आतां कल्पना करा, कीं एखाद्या व्यवस्थित वृत्तीच्या संपादकानें, वाचकांची सोय व्हावी ह्या शुद्ध हेतूनें, ही सोळा नांवें वर्णानुक्रमानें लावून छापलीं. मनरंजन ‘म’ मध्यें जाईल, श्रीवर्धन ‘श’ मध्यें जाईल. मध्यें रसाळगड, राजापूर, रामदुर्ग, विकटगड येऊन बसतील. एकहि नांव गळलेलें नाहीं, एकहि अक्षर चुकलेलें नाहीं, बेरीज सोळाच आहे. आणि तरीहि श्रीवर्धन म्हणजे काय हें सांगणारी एकमेव खूण पुसून गेली आहे. पुढचा लेखक त्या छापील यादीवरून नकाशा काढील व सिद्दीच्या मुलुखांत आंग्र्याचें निशाण रोवील. कागद वाळवीनें खाल्ला तर निदान भोंक दिसतें. क्रम बदलला तर तोहि पुरावा मागें रहात नाहीं.

वर्णानुक्रमाविरुद्ध आमचें भांडण आहे असें मात्र कोणी समजूं नये. शोधणाऱ्यास त्यासारखी सोय नाहीं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ११ वा भाग, कुलाबा व जंजिरा यांविषयींचा, १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील स्थळवर्णनें रोमन लिपीच्या अनुक्रमानें लावलेलीं आहेत, आणि ज्यास अमुक एक गांव पहावयाचें आहे त्याचें काम क्षणांत होतें. परंतु वर्णानुक्रम हा नांवाचा क्रम आहे, वस्तूचा नव्हे, आणि नांवें बदलतात. खांदेरी व उंदेरी हीं बेटें समोरासमोर आहेत. जुन्या इंग्रजी कागदांत त्यांस केनेरी व हेनेरी म्हणत, तेव्हां रोमन यादींत उंदेरी आधीं व खांदेरी नंतर येई. पुढें देशी उच्चारास धरून लिहूं लागले, तेव्हां खांदेरी आधीं येऊन उंदेरी बरीच मागें गेली. देवनागरींत उंदेरी स्वरांत पडल्यामुळें ती पुन्हां पुढें. १९९८ सालीं खांदेरीस कान्होजी आंग्रे बेट असें नांव दिलें गेलें, म्हणजे तें ‘ख’ मधून ‘क’ मध्यें सरकलें. बेटें जागचीं तसूभर हललीं नाहींत. सबंध जिल्ह्याचीहि तीच गोष्ट. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, आणि जो जिल्हा यादीच्या आरंभीं ‘क’ मध्यें असे तो एका रात्रींत ‘र’ मध्यें गेला. जुनें व नवें कोष्टक शेजारीं ठेवून ओळीस ओळ ताडणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळें काय त्रेधा उडते, हें ज्याचें त्यानें अनुभवावें.

नांवांऐवजीं आकड्यांवर यादी लावावी, म्हणजे असला घोळ होणार नाहीं, असें कोणी म्हणेल. आकडे नांवांपेक्षां खरे बोलतात हें आम्हांस मान्य आहे, परंतु ते कोणत्या मापांत बोलतात हें आधीं पाहिलें पाहिजे. भातशेतीच्या मुलुखांतील जुना हिशेब घ्या. एका खातेदाराच्या नांवावर २ खंडी भात, दुसऱ्याच्या नांवावर १५ मण. नुसता आकडा पाहून लावणारा नवशिका पंधरास वर व दोनास खालीं घालील. खंडीचे वीस मण, म्हणजे पहिल्याचें भात ४० मण आहे, हें ज्यास ठाऊक त्यानेंच ही यादी लावावी.

हा दाखला आम्ही मुद्दाम दिला, कारण हीच अडचण अगदीं अलीकडे, अत्यंत वेगवान अशा गणनयंत्रांपुढें जशीच्या तशी उभी राहिली. संगणकास साठवणीचीं अनेक साधनें जोडलेलीं असतात. कांहीं त्याच्या पोटांत, कांहीं बाहेरून लावलेलीं, कांहीं तारेनें दुसऱ्या गांवच्या यंत्रांतून आलेलीं. प्रत्येकावर फाइलींची स्वतंत्र व्यवस्था असते, आणि ती मुख्य व्यवस्थेच्या एखाद्या शाखेवर आणून बसविण्याच्या क्रियेस ‘माउंट’ करणें म्हणतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं जी ‘युनिक्स’ नांवाची प्रणाली रचली, तिच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्याच मार्गदर्शिकेंत ह्या कामाच्या तीन कमांड सांपडतात : जोडणी करणारी ‘माउंट’, प्रत्येक व्यवस्थेंत किती जागा शिल्लक आहे हें सांगणारी ‘डीएफ’, आणि ओळी क्रमानें लावणारी ‘सॉर्ट’. एकीचें उत्तर दुसरीच्या हातीं परस्पर देण्याची ‘पाइप’ नांवाची युक्ति डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहानें १९७३ मध्यें आली. तेव्हांपासून जोडलेल्या व्यवस्थांची यादी मागवावी व ती सॉर्टकडे लावावयास द्यावी, हा जगभरच्या संगणक सांभाळणाऱ्यांचा नित्याचा उद्योग होऊन बसला आहे. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून आमच्या वाचकांचीं मुलें हेंच काम करीत असतील.

त्यांस भेटणाऱ्या अडचणी पाहिल्या म्हणजे दप्तरखान्यांतील कारकुनाची आठवण झाल्यावांचून रहात नाहीं. सॉर्ट ही कमांड, वेगळें सांगितलें नाहीं तर, आकड्यांसहि अक्षरेंच समजते. म्हणून तिच्या हिशेबीं १०० हा ९ च्या आधीं येतो, कारण १ हें चिन्ह ९ च्या आधींचें. आकड्यांस आकडे समज, अशी आज्ञा केली तर हें सुधारतें. पण माणसास वाचावयास सोपें जावें म्हणून डीएफ मोठी संख्या आटोपशीर करून देऊं लागली : कोठें ५१२ मेगाबाइट, कोठें २ गिगाबाइट. झालें, खंडी व मण! ५१२ हा आकडा २ च्या वर जाऊन बसला, वास्तविक २ गिगाबाइट त्याच्या चौपट असतां. मापाचें अक्षर पाहून तुलना करण्याची सोय ‘जीएनयू’ संघाच्या सॉर्टमध्यें २००९ सालीं आली; म्हणजे पहिल्या मार्गदर्शिकेनंतर अडतीस वर्षांनीं. तोंवर शहाणीं माणसें एकच माप ठरवून यादी मागवीत, आधीं लावीत, आणि वाचण्याची सोय मागाहून करीत. शिरोभागीं जी रकान्यांच्या नांवांची ओळ असते तिची दशा तर विचारूंच नये. यंत्रास ती इतर ओळींसारखीच एक ओळ. त्यामुळें ती क्रमानें जेथें पडेल तेथें, यादीच्या पोटांत जाऊन बसते. म्हणून ती ओळ आधीं बाजूस काढून ठेवावी व लावलेल्या यादीवर पुन्हां चढवावी लागते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. माउंट कमांडला नुसती यादी विचारली तर ती सामान्यतः जोडणी ज्या क्रमानें झाली त्या क्रमानें उत्तर देते. हा क्रम निरर्थक नसतो. शाखा असल्यावांचून तिच्यावर कांहीं बसवितां येत नाहीं. म्हणून मूळ व्यवस्था आधीं, तिच्यावर बसलेली नंतर. एकाच जागीं दोनदां जोडणी झाली, तर मागाहूनची पहिलीस झांकते. आणि कोण कोणास झांकतें हें त्या क्रमावरूनच कळतें. सुवर्णदुर्गाच्या मागून कनकदुर्ग आला तसेंच हें. कोणी नांवांवरून किंवा आकारावरून ही यादी लावली कीं ती साखळी तुटते. म्हणून अनुभवी माणसें लावण्यापूर्वीं प्रत्येक ओळीस मूळचा अनुक्रमांक घालून ठेवतात. मग यादी कशीहि फिरवा, मूळ क्रम परत मिळतो. जुन्या याद्या छापणाऱ्यांनीं एवढीच एक गोष्ट केली तरी पुष्कळ झालें : वर्णानुक्रम खुशाल लावावा, पण प्रत्येक नांवाच्या डाव्या हातास तें मूळ कागदांत कितवें होतें तो आकडा बारीक टाइपांत घालावा. त्यास खर्च येत नाहीं. यंत्राच्याहि बाबतींत एक गंमत सांगण्यासारखी आहे, ती अशी कीं देवनागरींत ‘ळ’ ला युनिकोडनें ‘ल’ च्या लगत जागा दिली आहे, आणि आम्ही शाळेंत तो ‘ह’ च्या पुढें शिकलों. तेव्हां तळें व घोसाळें यांच्या मुलुखांतील मनुष्यानें यंत्राच्या वर्णानुक्रमावर डोळे मिटून विसंबूं नये हें बरें.

कालानुक्रम हा इतिहासकारांचा आवडता क्रम. पण त्यासहि आधार लागतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत बाहेर पडले. त्या कामांतील खरें कष्ट वाचनाचें नव्हतें, लावण्याचें होतें. मराठी पत्राखालीं ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्षाचा पुष्कळदां पत्ता नसतो. ज्या रकान्यावर यादी लावावयाची तोच रकाना रिकामा! मजकुरांतील माणसें, स्वाऱ्या व मृत्यू यांवरून वर्ष ठरवावें, मग जंत्री काढून तारीख बसवावी. वर्ष दिलेलें असलें तरी तें कोणतें हा प्रश्न उरतोच. शक चैत्रांत पालटतो, सुहूर सन मृगावर पालटतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३ स. एकाच उन्हाळ्यांतील दोन पत्रें दोन सनांत पडूं शकतात. येथेंहि तीच खंडी आणि तेच मण, फक्त काळाचे. मोडकांच्या व खऱ्यांच्या जंत्र्या नसत्या तर हा ढीग ढीगच राहिला असता.

दर्यावर्दी लोकांस ह्यांतलें कांहींच नको असतें. तांडेलास नांवाचें आद्याक्षर काय करावयाचें? त्यास एका खुणेनंतर कोणती खूण दिसेल एवढेंच हवें. खांदेरीवर १८६७ सालीं दीपगृह उभें राहिलें. अशा दीपांच्या ज्या याद्या ब्रिटिश आरमार खात्यानें छापल्या त्या वर्णानुक्रमानें नसून किनाऱ्याच्या क्रमानें आहेत, प्रत्येक दिव्यास क्रमांक आहे, आणि नांवांची सूची शेवटीं निराळी दिली आहे. सोय दोघांची झाली आणि कोणाचाहि क्रम मोडला नाहीं.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, तेव्हां वृत्तपत्रांतून ती यादी सर्वांनीं वाचली असेल : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जिंजी. रायगड राजधानी, तो पांचवा कां. जलदुर्ग गिरिदुर्गांत मिसळले कां. अशी तक्रार कोणी केल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. आम्हीं ह्या बारांचे अक्षांश ताडून पाहिले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ते उतरत जातात. रायगड व राजगड एवढ्याच जोडींत राजगड किंचित् उत्तरेस आहे, पण तें अंतर इतकें अल्प कीं दोन्ही एकाच रेषेवर म्हणावयास हरकत नाहीं. म्हणजे मानपान नाहीं, राजधानी नाहीं, समुद्र व डोंगर हा भेद नाहीं. नुसता नकाशा वरून खालीं वाचला आहे. लोहगडाच्या पुढें खांदेरी कशी आली ह्याचें उत्तर एवढेंच, कीं घाटमाथ्यावरचा तो किल्ला व समुद्रांतलें हें बेट जवळ जवळ एकाच अक्षांशावर आहेत. आणि योगायोग असा कीं १७१३ सालीं दोघांवरहि कान्होजीचेंच निशाण होतें.

खांदेरी आंग्र्याच्या यादींत पहिली होती, येथें चौथी आहे. शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं तिच्यावर तटबंदीस हात घातला, तेव्हां इंग्रज व सिद्दी दोघेहि धांवून आले होते; आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभीं सिद्दीनें समोरच्या उंदेरीवर ठाणें घातलें. तें ठाणें १७१३ मध्येंहि त्याच्याकडेच होतें, म्हणून उंदेरी दहांतहि नाहीं व सोळांतहि नाहीं. थळच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां दोन्ही बेटें एकाच नजरेंत मावतात; त्यांपैकीं अलीकडची ती उंदेरी.